अरविंदन: व्यंगचित्राच्या चौकटीतून रंगमंचावर, तिथून पडद्यावर

धागाकर्ता: शाईदौत

जी. अरविंदन हे नाव आपल्याकडे निघतं ते बहुतेक 'चिदंबरम'मुळे, आणि तेही स्मिता पाटीलच्या चित्रपटांची यादी करताना. केरळबाहेर 'समांतर सिनेमाचे एक दिग्दर्शक' एवढीच त्यांची ओळख उरली आहे. मला ती फार अपुरी वाटते. पहिला चित्रपट आला तेव्हा अरविंदन चाळिशीला टेकले होते आणि तोवर मल्याळी वाचक त्यांना एक तपभर व्यंगचित्रकार म्हणून ओळखत होता. मधल्या काळात त्यांनी नाटकं बसवली होती. गाणं तर कायमचंच सोबतीला. आणि हे सगळं सुरू झालं ते रबर बोर्डातली नोकरी सांभाळून.

जन्म २३ जानेवारी १९३५, कोट्टयम. वडील एम. एन. गोविंदन नायर विनोदी लेखक. विनोदाचं बाळकडू घरातच मिळालं म्हणायचं. १९६१ मध्ये 'मातृभूमी' साप्ताहिकात अरविंदनांची चित्रमालिका सुरू झाली: 'चेरिय मनुष्यरुम वलिय लोकवुम', म्हणजे छोटी माणसं आणि मोठं जग. ती १९७३ पर्यंत चालली.

या मालिकेत दर आठवड्याला एक विनोद आणि पुढच्या आठवड्याला पाटी कोरी, असा प्रकार नव्हता. रामू नावाचा एक गरीब, शिकलेला तरुण. नोकरी नाही, घरची ओढाताण. त्याला भेटणारे गुरुजी, ज्यांच्याशी तो राजकारणापासून तत्त्वज्ञानापर्यंत सगळं बोलतो. वर्षं जातात तसा रामू बदलतो. त्याला पैसा मिळतो, ओळखी होतात, धंद्यात जम बसतो आणि ज्या गोष्टींचा त्याला सुरुवातीला राग यायचा त्याच तो स्वतः करू लागतो. हे एका भागात घडत नाही. वाचकाच्या डोळ्यांदेखत, आठवड्यामागून आठवडे, इतकं हळूहळू घडतं की रामू नेमका कधी घसरला ते सांगता येऊ नये. आज अनेक जण या मालिकेला भारतीय चित्रकादंबरीची (ग्राफिक नॉव्हेलची) पूर्वसूरी मानतात. मला तो मान रास्त वाटतो, कारण चित्रमालिकेतल्या पात्राचं वय वाढू द्यायचं, त्याचं चारित्र्य झिजू द्यायचं, हे धाडस त्या काळात आपल्याकडे फार कोणी केलेलं नव्हतं.

नोकरीच्या निमित्ताने अरविंदन कोळिकोडला होते. तिथला त्यांचा गोतावळा पाहा: नाटककार तिक्कोडियन, कथाकार पट्टत्तुविळ करुणाकरन, चित्रकार नंबूदिरी. याच मित्रमंडळींतून 'उत्तरायणम' (१९७४) जन्माला आला. कथा तिक्कोडियनांची, पैसा करुणाकरनांचा, कलादिग्दर्शन नंबूदिरींचं. नायक रवी हा बेकार तरुण. त्याला भेटतात ते वडिलांच्या पिढीतले लोक, एकेकाळचे स्वातंत्र्यसैनिक, आता सोयीस्कर झालेले. म्हणजे रामूचंच जग. पण पुढच्याच चित्रपटात, 'कांचन सीता'त (१९७७), अरविंदन हे सगळं मागे टाकून गोदावरीकाठच्या जंगलात गेले. सी. एन. श्रीकंठन नायर यांचं नाटक हाती असताना त्यातले संवाद जवळजवळ गाळले. राम-लक्ष्मणाच्या भूमिका आंध्रातल्या रामचेंचू आदिवासींना दिल्या. सीता पडद्यावर दिसतच नाही. ती वाऱ्यात आहे, झाडाच्या सळसळीत आहे, पावसात आहे. केरळात त्यावरून मोठा वाद झाला. राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं, उत्कृष्ट दिग्दर्शनाचं. पुढच्या वर्षी 'तंपु'साठी पुन्हा, आणि १९८६ च्या 'ओरिडत्त'साठी तिसऱ्यांदा.

आता माझा मुद्दा. अरविंदनांनी एक व्यवसाय सोडून दुसरा धरला असं मला दिसत नाही. त्यांची बघण्याची रीत तीच राहिली. 'कुम्माट्टी' (१९७९) काढून बसा आणि माणसांचा आकार पाहा. उत्तर केरळातल्या चिमेनीचं माळरान, वर अफाट आभाळ, आणि टेकडीच्या कडेवरून पळणारी पोरं बोटाच्या पेराएवढी. कुम्माट्टी म्हणजे पोरांना धाक घालायला सांगतात तो बागुलबुवा. तो गात गात लांबून येतो, आधी नुसता आवाज, मग ठिपका, मग माणूस. दुसरा कुणी असता तर कॅमेरा धावत त्याच्याकडे गेला असता. इथे कॅमेरा जागचा हलत नाही. त्यालाच चालत यावं लागतं. छोटी माणसं आणि मोठं जग, अक्षरशः. चित्रमालिकेचं नाव त्यांनी पुढे प्रत्येक दृश्याच्या चौकटीत जपलं, असं माझं ठाम मत आहे.

त्याच चित्रपटात कुम्माट्टी खेळता खेळता मुलांना प्राणी करून टाकतो. चिंदन नावाच्या पोराचा कुत्रा होतो आणि तो नेमका पळून जातो. बाकीची मुलं परत माणसात येतात, हा राहतो. शेवटी वर्षभराने कुम्माट्टी पुन्हा येतो तेव्हा त्याची सुटका होते, आणि घरी गेल्यावर तो पोरगा पहिलं काम काय करतो? पिंजऱ्यातला पक्षी सोडून देतो. हे सांगायला एकही वाक्य खर्च केलेलं नाही. शब्द न वापरता शेवटच्या चौकटीत अर्थ पोचवायचा, ही व्यंगचित्रकाराची सवय नाही तर काय?

नाटकाबद्दल मी कमी लिहिलं आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

रेघोट्या:

लेख आवडला. मी स्वतः चित्रमालिका काढते, म्हणून कारागिरीच्या बाजूने थोडं.

साप्ताहिक मालिकेत पात्राचं वय गोठवून ठेवणं हीच सोय असते. वाचक कधीही येतो, कधीही जातो, त्याला मागचं आठवत नसतं. पात्र बदलू दिलं की चेहराही बदलावा लागतो, अंगावर मांस चढवावं लागतं, कपडे सुधारावे लागतात, बसण्याची ढब बदलावी लागते, आणि तरी तो रामूच वाटला पाहिजे. हे बारा वर्षं करायचं म्हणजे नुसती कल्पना सुचून भागत नाही, हातालाही पात्राबरोबर म्हातारं व्हावं लागतं. चित्रपटात नट बदलतो, रंगभूषा होते. कागदावर सगळं एका रेषेनेच करायचं.

आणखी एक. व्यंगचित्रकार चौकटीत काय ठेवायचं याआधी काय काढून टाकायचं ते ठरवतो. 'कांचन सीता'त सीताच काढून टाकली, हे वाचल्यावर मला अजिबात नवल वाटलं नाही.

---

तिसरी घंटा:

नाटकाबद्दल भर घालतो, आणि शाईदौत यांच्याशी थोडा वादही घालतो.

तुम्ही नाटकाला 'मधला काळ' म्हटलंत. माझ्या मते चित्रकाराचा दिग्दर्शक झाला तो तिथेच. मल्याळी नाटककार कावालम नारायण पणिक्करांचं 'अवनवन कडंब' हे नाटक अरविंदनांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यात बसवलं. पणिक्करांच्या 'तिरुवरंग' या मंडळीचा तो प्रयोग. उघड्यावर, झाडांच्या सोबतीने, पडदा नाही, विंगा नाहीत, प्रेक्षक आणि नट एकाच मातीवर. नाटकाची गोष्ट साधी: उत्सवाला निघालेल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या दोन टोळ्या आणि वाटेत लागणारी कडंब, म्हणजे कोकणात शेताच्या गडग्याला असते तशी ओलांडायची पायरी. ती ज्याची त्यानेच ओलांडायची. ताल, पदन्यास आणि लोकगीतांचे ढंग यांवर सगळा डोलारा उभा.

पाठीमागे रंगवलेला पडदा नाही, खरं झाड आहे, हे एकदा दिग्दर्शकाने मान्य केलं की त्याला झाडाशी वागायला शिकावं लागतं. वारा सुटला तर थांबायचं, पक्षी ओरडला तर तोही प्रयोगाचा भाग. 'कांचन सीता'तला वारा तिथून आला आहे असं मी म्हणतो. चित्रमालिकेच्या चौकटीत वारा नसतो.

माणसंही तिथूनच आली. त्या प्रयोगात भरत गोपी होते, नेडुमुडी वेणू होते. वेणूंचं चित्रपटातलं पदार्पण 'तंपु'त. गोपी पुढे 'चिदंबरम'चे नायक. 'कुम्माट्टी'चं लेखन पणिक्करांचंच. म्हणजे अरविंदनांच्या सिनेमाचा अर्धा संसार तिरुवरंगच्या अंगणातून आलेला आहे.

त्या दशकात आपल्याकडेही लोककलांकडे वळून आधुनिक नाटक करण्याची धडपड चालली होती, तेव्हा मराठी रंगकर्मींना हा प्रयोग परका वाटू नये. फरक इतकाच की आपण बहुतेक वेळा लोककला उचलून नाट्यगृहात आणली. पणिक्कर आणि अरविंदन नाटक घेऊन बाहेर गेले.

---

शाईदौत:

तिसरी घंटा, हा प्रतिसाद म्हणजे खरा लेख आहे. वाऱ्याचा मुद्दा मान्य. तरी माझं टुमणं सोडत नाही. झाड खरं असलं तरी त्याच्यापुढे माणूस केवढा दाखवायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारा हात चित्रकाराचा आहे.

---

स्पष्टोक्ती:

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मला अरविंदन आवडतात, पण सरसकट नाही.

'पोक्कुवेयिल' (१९८१) माझ्या गळी उतरलेला नाही. बालू नावाचा कवी मनाचा तरुण. वडील जातात, क्रांतिकारक मित्र निघून जातो, खेळाडू मित्राचा अपघात होतो, जिच्यावर जीव आहे ती शहर सोडते, आणि बालू मनोरुग्णालयात पोचतो. गोष्ट काळीज पिळवटणारी आहे. पण दिग्दर्शक तिच्यापासून इतका लांब उभा राहतो की मला बालूचं दुःख दिसतं, लागत नाही. छोटा माणूस, मोठं जग हे ठीक, पण माणूस इतका छोटा झाला की त्याचा चेहराच दिसेनासा होतो.

याउलट 'ओरिडत्त'. पन्नासच्या दशकातलं एक खेडं, तिथे वीज येणार. खांब येतात, वायरमन येतो, साहेब येतात, गावात मान-अपमान सुरू होतात, हितसंबंध तयार होतात. माणसं ठसठशीत, बोलकी, किंचित अतिशयोक्त रंगवलेली. तिथे मला व्यंगचित्रकार अरविंदन पूर्ण ताकदीने दिसतात. माणसाचा स्वभाव दोन रेषांत पकडायचा हे ज्याला येतं त्याने ते चित्रपटात आधी का नाही केलं? १९७७ ते १९८१ या काळात त्यांनी आपलं सगळ्यात मोठं हत्यार म्यानात ठेवलं, असं माझं मत.

---

मंद्रसप्तक:

स्पष्टोक्ती, 'पोक्कुवेयिल'बद्दल एक गोष्ट लक्षात घेतलीत तर कदाचित पुन्हा पाहावासा वाटेल. त्यात संगीत दृश्यांच्या मागून आलेलं नाही. हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि राजीव तारानाथांचा सरोद यांच्या स्वरांवर दृश्यं बांधली आहेत. आपण नेहमी उलटं पाहतो, चित्रीकरण आधी आणि पार्श्वसंगीत शेवटी. इथे आलाप आधी आहे. त्यामुळे चित्रपटाची चाल विलंबित ख्यालासारखी आहे. बढत होते, पण घाई नाही. गोष्ट म्हणून पाहायला बसलं तर रेंगाळल्यासारखं वाटतं. ऐकायला बसलं तर प्रत्येक दृश्य किती वेळ टिकतं त्यामागचं कारण कळतं.

अरविंदन स्वतः संगीतकारही होते. 'यारो ओराळ'ला त्यांचं संगीत आहे. त्यांचे छायालेखक शाजी एन. करुण दिग्दर्शक झाले तेव्हा 'पिरवी'चं (१९८८) संगीत अरविंदनांनी मोहन सितारांबरोबर केलं. 'पिरवी'त बाप बस थांब्यावर मुलाची वाट बघत राहतो. तिथे संगीत किती जपून वापरलंय ते पाहा. स्वतः दिग्दर्शक असलेला माणूस दुसऱ्याच्या चित्रपटाला संगीत देतो तेव्हा कुठे गप्प बसायचं हे त्याला कळतं.

---

घाटवाट:

'तंपु'वर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझा सगळ्यात आवडता.

भारतपुळा नदीच्या काठी तिरुनावायाला एक सर्कस येते. ट्रकमधून माणसं, प्राणी, सामान. तंबू उभा राहतो, काही दिवस खेळ होतात, तंबू उतरतो, ट्रक निघून जातो. कथानक एवढंच. कृष्णधवल. सर्कस खरी, तिच्यातले कलावंत खरे. गावकरीही खरे, आणि खेळ बघतानाचे त्यांचे चेहरे हा या चित्रपटाचा गाभा.

आपण सर्कशीवरच्या चित्रपटात झुल्यावरची मुलगी बघतो. अरविंदन बघणाऱ्यांना बघतात. एक म्हातारी, तोंड किंचित उघडं, डोळे वर, आणि मधेच स्वतःशीच हसते. एक माणूस मांडीवरचं पोर विसरून गेलेला. पोराला मात्र वर काय चाललंय त्यात रस नाही, ते बापाची हनुवटी बघतंय. हे अभिनयाने होत नाही. कॅमेरा आहे हे ते विसरले म्हणून झालं. मग कलावंतांचे चेहरे येतात, खेळ संपल्यावरचे, आणि ते थेट आपल्याकडे बघतात. गंमत दाखवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर गमतीचा मागमूस नसतो.

स्पष्टोक्ती म्हणतात माणसाचा चेहरा दिसेनासा होतो. 'तंपु'त चेहऱ्यांशिवाय दुसरं आहे काय?

---

स्पष्टोक्ती:

घाटवाट, 'तंपु'बद्दल बिनशर्त सहमत. तो माझ्या आक्षेपातून वगळा. 'एस्तप्पान'ही वगळा हवं तर, कारण तिथे दूर उभं राहण्याला कारण आहे. एस्तप्पानबद्दल किनाऱ्यावरचा प्रत्येक कोळी वेगळं सांगतो, कोणाला तो संत वाटतो, कोणाला भामटा. खरा कोण ते आपल्यालाही कळू नये, म्हणून लांबून पाहणं योग्यच. आणि त्या भूमिकेत व्यावसायिक नट न घेता राजन काक्कनाडन या चित्रकाराला घेतलं, हे चित्रकाराच्या नजरेचं उदाहरण म्हणून शाईदौत यांना आयतंच देतो.

'पोक्कुवेयिल'बद्दलचं मत बदललेलं नाही. मंद्रसप्तक यांचं म्हणणं बरोबर असेल, पण चित्रपटाने मला आधी माणसाशी बांधावं, मग रागाशी.

---

गच्चीवरून:

लेख आणि चर्चा दोन्ही उत्तम. वाचनखूण साठवली.

एक शंका. इटालियन दिग्दर्शक फेलिनीही आधी व्यंगचित्रंच काढायचे. 'मार्क ऑरेलिओ' या विनोदी नियतकालिकात काम केलं होतं, १९४४ मध्ये रोम मुक्त झाल्यावर तिथे सैनिकांची अर्कचित्रं काढून पोट भरलं होतं. त्यांनाही सर्कशीचं वेड. पण त्यांच्या पडद्यावर अर्कचित्रांची नुसती जत्रा असते, आणि अरविंदनांकडे शांतता. मग 'व्यंगचित्रकाराची नजर' असं काही खरंच असतं का? की आपण आधी चरित्र वाचतो आणि मग चित्रपटात ते शोधतो?

---

शाईदौत:

गच्चीवरून, हा प्रश्न धाग्यातला सगळ्यात अवघड आहे.

सगळे व्यंगचित्रकार एकसारखे बघतात असा माझा दावा नाही. फेलिनी माणसाचं नाक बघतात. अरविंदन माणूस आणि त्याच्या मागची मोकळी जागा यांचं प्रमाण बघतात. दोन्ही नजरा व्यंगचित्रात असतात. अर्कचित्र ही एक परंपरा आणि चित्रमालिका ही दुसरी. अर्कचित्र एका क्षणात संपतं. चित्रमालिकेत वेळ जातो, दोन चौकटींमध्ये काहीतरी घडून गेलेलं असतं आणि ते वाचकाने भरून घ्यायचं असतं. अरविंदनांचा पिंड या दुसऱ्या जातीचा. 'चिदंबरम' बघा. शंकरन हा सरकारी पशुपालन केंद्रावरचा अधिकारी, मुनियांडी तिथला कामगार, शिवकामी त्याची नवी बायको. शंकरन आणि शिवकामी यांच्यात जे घडतं ते जवळजवळ दोन दृश्यांच्या मधल्या फटीतच घडतं. मुनियांडी जीव देतो. त्यानंतर अख्खा उरलेला चित्रपट त्या फटीत काय होतं त्याचा हिशेब देत राहतो, शंकरनच्या पळण्यातून, दारूतून, देवळांतून.

चरित्र वाचून शोधतो का? थोडंफार होतच असणार. पण रामूची हळूहळू होणारी घसरण आणि शंकरनची अपराधी भटकंती एकाच माणसाच्या हातून उतरल्या आहेत हे मला चरित्र न वाचताही जाणवलं असतं, असं वाटतं.

---

कैरीची फोड:

स्मिताचा विषय निघालाच आहे तर. 'चिदंबरम' १९८५ चा, त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्यालाच. डिसेंबर १९८६ मध्ये ती गेली. तिच्या हिंदी-मराठी भूमिकांवर आपण भरभरून लिहितो आणि ही भूमिका एका ओळीत उरकतो, याचं मला वाईट वाटतं.

शिवकामी तमिळ खेड्यातून मुन्नारच्या डोंगरात लग्न करून आलेली. तिने एवढी फुलं कधी पाहिलेली नाहीत. ती फुलांना हात लावत, वाकून बघत चालते त्या दृश्यांत स्मिता आहे असं वाटतच नाही. तिच्या नेहमीच्या भूमिकांमधला ताठ कणा, आव्हान देणारी नजर इथे बाजूला ठेवली आहे. आणि शेवटी चिदंबरमच्या देवळात चपला सांभाळणारी बाई मान वर करते. त्याच चेहऱ्यावर काय काय होऊन गेलंय! संवादाची गरजच नाही. भाषा न येणाऱ्या नटीसाठी मौनावर विसंबणारा दिग्दर्शक मिळणं हा फार चांगला योग होता.

---

चंदेरी पट्टी:

जतनाच्या अंगाने थोडी माहिती, कारण यात पुण्याचा संबंध आहे.

'कुम्माट्टी' आणि 'तंपु' या दोन्हींची मूळ कॅमेरा निगेटिव्ह आज अस्तित्वात नाही. दोन्हींचं पुनरुज्जीवन झालं ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या ३५ मिमी प्रतींच्या आधारे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने इतर संस्थांच्या मदतीने ते काम केलं. 'कुम्माट्टी' २०२१ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला, 'तंपु' २०२२ मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात विभागात. त्या प्रती लॉ कॉलेज रस्त्यावर जपून ठेवल्या नसत्या तर आज आपण आभाळाच्या रंगांवर बोलूच शकलो नसतो. 'कुम्माट्टी'च्या जुन्या, विटलेल्या प्रती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी नवी प्रत आवर्जून पाहावी. संध्याकाळचं ते आभाळ त्या जुन्या प्रतींमध्ये नुसतं तपकिरी दिसायचं.

आणि निर्मात्याचं नाव धाग्यात यायला हवं. के. रवींद्रनाथन नायर, कोल्लमचे काजू व्यापारी. 'कांचन सीता' ते 'पोक्कुवेयिल' हे पाचही चित्रपट त्यांच्या जनरल पिक्चर्सचे. 'पटकथा दाखवा, गाणी किती' असं विचारणारा निर्माता असता तर यातला एकही झाला नसता. पुढे अडूर गोपालकृष्णन या दुसऱ्या मल्याळी दिग्दर्शकाच्याही महत्त्वाच्या चित्रपटांमागे तेच उभे राहिले. 'चिदंबरम'ची निर्मिती मात्र अरविंदनांनी स्वतः केली.

---

तिसरी घंटा:

चंदेरी पट्टी यांची माहिती मोलाची. निर्मात्यांना आपण नेहमी विसरतो.

गच्चीवरून यांच्या प्रश्नाला माझ्या बाजूने एक उत्तर: 'मारट्टम' (१९८८). दूरदर्शनसाठी केलेला, पणिक्करांच्याच नाटकावरचा. कथकलीतला नट आणि त्याने रंगवलेलं पात्र यांच्यातली सीमारेषा पुसली जाते. मंचावर कीचकाचा वध होतो, पण मेला कोण, पात्र की नट? तोच प्रसंग तीनदा येतो, तीन वेगळ्या लोकगायनशैलींच्या सोबतीने, आणि दर वेळी खुनाचा अर्थ बदलतो. इथे चित्रमालिकेची चौकट मला कुठेच दिसत नाही. हा शुद्ध नाटकवाल्याचा चित्रपट आहे. तुमचा सिद्धांत 'कुम्माट्टी'ला जितका चपखल बसतो तितका याला बसत नाही, शाईदौत.

---

रेघोट्या:

तिसरी घंटा, मला उलट दिसतं. एकच प्रसंग तीनदा काढायचा, फक्त एक गोष्ट बदलून, हा तर चित्रमालिकेतला अगदी जुना खेळ. तीन चौकटी, तोच ओटा, तीच माणसं, फक्त हाताची जागा वेगळी. वाचक आपोआप तुलना करतो.

पण तुमचं एक मान्य. गायनशैली बदलली की अर्थ बदलतो, हे कागदावर कधीच होणार नाही. त्यासाठी त्यांना नाटकाकडे आणि गाण्याकडे जावंच लागलं.

---

पहिलटकर:

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. चर्चा वाचून पाहायची फार इच्छा झाली. कुठून सुरुवात करू? आणि चित्रमालिका मल्याळम न येणाऱ्याला कळेल का?

---

घाटवाट:

'कुम्माट्टी'पासून. घरात मुलं असतील तर त्यांना घेऊन बसा, त्यांना उपशीर्षकांची फारशी गरज पडत नाही. मग 'तंपु', तो रात्री, दिवे मालवून, मध्ये न थांबवता. 'कांचन सीता' तिसरा, घाईत नको.

---

स्पष्टोक्ती:

माझा क्रम वेगळा. आधी 'ओरिडत्त', कारण त्यात गोष्ट आहे आणि हसू आहे. मग 'चिदंबरम'. मग 'वास्तुहारा' (१९९१), त्यावर इथे कोणीच लिहिलं नाही. फाळणीनंतर बंगालमध्ये आलेले निर्वासित, त्यांना अंदमानात नेऊन वसवण्यासाठी कलकत्त्याला आलेला मल्याळी अधिकारी, आणि त्या यादीत त्याला सापडलेली स्वतःच्याच नात्यातली माणसं. मोहनलाल मुख्य भूमिकेत, नीना गुप्ताही आहे. कथा सी. व्ही. श्रीरामन यांची, 'चिदंबरम'ची कथाही त्यांचीच. १५ मार्च १९९१ ला अरविंदन गेले आणि चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला. यात ते माणसांच्या अगदी जवळ गेले आहेत. माझी तक्रार या चित्रपटापुढे टिकत नाही.

---

शाईदौत:

पहिलटकर, दोन्ही क्रम चालतील. चित्रमालिका पुस्तकरूपाने निघाली आहे, पण संवाद मल्याळममध्ये आहेत आणि पुष्कळ आहेत, तेव्हा शेजारी मल्याळी वाचक हवाच. मल्याळी मित्राच्या घरी तो संग्रह असण्याची शक्यता बरीच आहे, विचारून बघा. मिळाला तर सुरुवातीची पानं आणि शेवटची पानं शेजारी ठेवून फक्त रामूचे डोळे बघा. तेवढ्यासाठी भाषा लागत नाही.

स्पष्टोक्ती, 'वास्तुहारा'वर स्वतंत्र धागा काढा. श्रीरामन यांच्या दोन कथा अरविंदनांनी कशा वापरल्या, यावर तुम्हीच लिहावं अशी विनंती.

---

स्पष्टोक्ती:

काढतो. पुढच्या आठवड्यात चित्रपट पुन्हा पाहून लिहीन. मंद्रसप्तक, त्या निमित्ताने 'पोक्कुवेयिल'ही डोळे मिटून ऐकेन म्हणतो, मग बोलू.